चेक कोणाच्या हातात? पर्यावरण न्यायाचा पैसा आणि आपला मोहल्ला

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, पाच कोटी डॉलरचं एक अनुदान रद्द केलं. गाझाच्या बातम्यांच्या गर्दीत ही बातमी आपल्यापैकी अनेकांच्या नजरेतून सुटली असेल. खरं तर तिचा धागा गाझापर्यंतच जातो. ज्यांचं अनुदान गेलं ती संघटना म्हणजे क्लायमेट जस्टिस अलायन्स. रिफायनरी, कारखाने आणि कचऱ्याच्या ढिगांशेजारी राहणाऱ्या गरीब वस्त्यांमधल्या गटांची ही आघाडी आहे. तिने पॅलेस्टाईनच्या बाजूने उघड भूमिका घेतली होती आणि खात्याचे प्रमुख ली झेल्डिन यांनी अनुदान रद्द करताना नेमकं तेच कारण पुढे केलं. सगळा दोष ट्रम्प यांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. बायडन यांच्या काळातही याच मुद्द्यावरून टीका सुरू होती आणि रक्कम अडकूनच पडली होती.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हे पाच कोटी डॉलर त्या आघाडीने स्वतःवर खर्च करायचे नव्हते, ते पुढे वाटायचे होते. साठ कोटी डॉलरच्या या योजनेत सरकारने अकरा संस्था निवडल्या होत्या. सरकारी फॉर्म भरता भरता ज्यांचा दम निघतो अशा छोट्या स्थानिक गटांपर्यंत त्यांनी पैसा पोहोचवायचा, अशी कल्पना होती. चेक फाडणाऱ्याच्या खुर्चीत गल्लीतलाच माणूस बसवायचा, असं म्हणा ना.

ही कल्पना आली कुठून? अमेरिकेत 'पर्यावरण न्याय' या शब्दाला वजन आलं ते १९८२ मध्ये. नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन काउंटी या काळ्या, गरीब भागात विषारी माती आणून पुरण्याचं सरकारने ठरवलं आणि लोक रस्त्यावर ट्रकसमोर आडवे झाले. पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. पर्यावरण म्हणजे फक्त झाडं, वाघ आणि नद्या नाहीत, विष कोणाच्या दारात टाकायचं हा निर्णयही पर्यावरणच, हे तिथे लोकांनी सांगितलं. (आमच्या वर्गातल्या मुलांना 'पर्यावरण' म्हटलं की अजूनही आधी झाडच काढावंसं वाटतं.)

पैसा मात्र या लोकांकडे वळला नाही. अमेरिकेतल्या बारा मोठ्या देणगीदार संस्थांनी २०१६ आणि २०१७ मध्ये दोन प्रदेशांत पर्यावरणासाठी दिलेल्या पैशाचा हिशेब २०२० मध्ये एका अभ्यासाने मांडला. एकूण रक्कम १३४ कोटी डॉलर. त्यातला पर्यावरण न्यायाच्या गटांना मिळालेला वाटा जेमतेम एक टक्का. बाकीचा पैसा मोठी ऑफिसं, मोठा स्टाफ आणि गुळगुळीत अहवाल असलेल्या संस्थांकडे गेला.

म्हणून ग्लोरिया वॉल्टन यांचं उदाहरण आम्हाला महत्त्वाचं वाटतं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरातल्या या काळ्या बाईंनी दक्षिण लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांत वर्षानुवर्षं संघटन केलं. २०२० मध्ये त्या 'द सोल्यूशन्स प्रोजेक्ट' या फंडाच्या प्रमुख झाल्या. या फंडाच्या संस्थापकांत मार्क रफालोसारखे हॉलिवूडचे नट आहेत. फंडाने आधीच जाहीर केलं होतं की ९५ टक्के पैसा काळ्या, मूलनिवासी, स्थलांतरित अशा समाजांचं नेतृत्व असलेल्या गटांना जाईल, आणि किमान ८० टक्के पैसा महिला नेतृत्व करत असलेल्या गटांना. त्याच वर्षी जेफ बेझोस यांनी आपल्या नव्या निधीतून सोळा संस्थांना ७९.१ कोटी डॉलर जाहीर केले, त्यात या फंडाला ४.३ कोटी मिळाले. पाच मोठ्या जुन्या संस्थांना मात्र प्रत्येकी दहा कोटी. म्हणजे इथेही पंगत बसली ती नेहमीच्याच क्रमाने.

शिवाय ज्या वस्त्यांतून गोदामांचे डिझेल ट्रक दिवसरात्र धावतात, त्या वस्त्यांनी अॅमेझॉनवाल्याचा पैसा घ्यावा का, हा प्रश्न उरतोच. आमचं मत: पैसा कुठून आला हे लपवू नये आणि पैशासोबत तोंड बंद ठेवण्याची अट आली तर तो परत करावा. अशा फंडाच्या प्रमुखाची खरी परीक्षा इथेच असते. वरच्या देणगीदाराला फोटो हवे असतात, तीन महिन्यांचा अहवाल हवा असतो, 'किती लाभार्थी' हा आकडा हवा असतो. खालच्या गटाला आज वकिलाची फी हवी असते, हवेची तपासणी करून घ्यायची असते, सुनावणीला जाणाऱ्या बायकांचा बुडालेला रोज भरून द्यायचा असतो. या दोघांच्या मध्ये उभं राहून, वरच्याला थांबवून खालच्याला आधी देणं हे ज्याने स्वतः कधी दहा दारं झिजवली आहेत त्यालाच जमतं.

आता आपल्याकडे या. अमेरिकेसारखा मध्यस्थ फंड परदेशी पैशावर भारतात चालवताच येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए कायदा बदलला. त्याआधी नोंदणी असलेली एक संस्था परदेशी देणगीतला पैसा दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला देऊ शकत होती, ते पूर्ण बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. उरला कंपन्यांचा सीएसआर. त्यासाठी संस्थेकडे आयकराच्या १२अ आणि ८०जी नोंदण्या हव्यात आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्मही लागतो. कारखान्याविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या मोहल्ला कमिटीला कोणती कंपनी चेक देईल, ते वेगळंच.

आणि अशा कमिट्या आहेत. मुंबईचा एम-पूर्व वॉर्ड बघा: गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्द. इथे आपल्या समाजाची मोठी वस्ती आहे. शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड, १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हा धूर अवकाशातून दिसत होता आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच परिसरात हॉस्पिटलांचा कचरा जाळणारा प्रकल्प २००९ पासून सुरू होता. त्याविरुद्ध स्थानिक रहिवाशांची संस्था हायकोर्टात गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दोन वर्षांत प्रकल्प हलवण्याचा आदेश मिळाला. टीबी, दमा, धूर यांच्याशी रोज झगडणाऱ्या लोकांनी तो मिळवला. राष्ट्रीय हरित लवादाकडे नुकसानभरपाई न मागता अर्ज करायचा तर फी फक्त हजार रुपये आहे. पण महाराष्ट्रासाठी खंडपीठ पुण्यात, आणि तज्ज्ञाचा अहवाल, वकील, येण्याजाण्याचा खर्च हजारात बसत नाही.

रमजानमध्ये आपल्या समाजातून किती पैसा निघतो, हे मोजायला आकडा लागत नाही, मस्जिदीबाहेरची रांग बघा म्हणजे झालं. तो रेशन किटवर जातो, मदरशांवर जातो, इलाजावर जातो. जायलाच हवा. पण छातीच्या औषधाला पैसा आहे आणि त्या छातीत जाणारा धूर थांबवायला नाही, हे गणित आम्हाला पटत नाही. जकातीचा मसला वेगळा आहे. तिचे आठ हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत, आणि हनफी फिक्हमध्ये तमलीक लागते, म्हणजे गरजूला त्या रकमेचा मालक करावं लागतं. त्यामुळे वकिलाची फी थेट जकातीतून देता येईल का, हे मुफ्तींनाच विचारावं. लिल्लाह, नफ्ल सदका, इमदाद यांना अशी अट नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, हे तर आपण मुलांना मकतबमध्येच शिकवतो.

तीन-चार जमातींनी मिळून असा एक छोटा फंड काढला तर सुरुवातीला मोठी रक्कम लागणार नाही. लागेल ती कमिटी, आणि तिथेच घोडं अडेल. आपल्या ट्रस्टांच्या बैठकीत कोण बसतं, ते सगळ्यांना माहीत आहे. या फंडाच्या कमिटीत निम्म्या बायका हव्यात, त्याच गल्ल्यांतल्या, ज्यांच्या घरात नेब्युलायझर आहे. अर्ज एका पानाचा, मराठीत किंवा उर्दूत, लिहिता येत नसेल तर तोंडी. निर्णय आठवड्याभरात. आणि केस हरली म्हणून हिशेब मागायला येऊ नये, पैसा कुठे गेला एवढंच विचारावं. प्रत्येक रुपया अमानत आहे, म्हणून ऑडिट मात्र कडक आणि दरवर्षी मस्जिदीच्या फळ्यावर.

एक प्रश्न कमिटीने पहिल्याच बैठकीत सोडवून ठेवलेला बरा. गोवंडीचा प्रकल्प हलवायचा ठरला तो रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात. तिथेही माणसं राहतात, बहुतेक आपल्या जमातीची नाहीत. उद्या त्या गावातल्या बायका एका पानाचा अर्ज घेऊन आल्या, तर चेकवर सही कोण करणार?