मधल्या वर्षी कोर्स बदलताना

"टीचर, पोरीचं जीएनएम सोडवून तिला बीएस्सी नर्सिंगला टाकावं म्हणतोय. तिकडे डायरेक्ट सेकंड इयरला घेणार आहेत, वर्ष वाया जात नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय पुढचे पैसे भरायचे नाहीत, असं तिची अम्मी म्हणाली, म्हणून आलो."

मे महिन्यातली संध्याकाळ होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा दारात उभे होते. त्यांचा भाड्याचा टेम्पो आहे, घरात तीन मुली, ही थोरली. शेजारच्या राज्यातल्या एका कॉलेजचा एजंट त्यांना भेटला होता. त्याला पंधरा हजार टोकन म्हणून देऊनही झाले होते. उरलेले सव्वा लाख आठ दिवसांत द्यायचे होते आणि त्यासाठी घरातल्या बांगड्या सोनाराकडे जाणार होत्या.

मी त्यांना आत बसवलं, चहा ठेवला आणि विचारलं, "भाईसाहेब, मुलीची बारावी कुठल्या शाखेतून झाली?"

उत्तर मला ठाऊक होतं. आर्ट्स. दहावीच्या निकालानंतर तिला आर्ट्सला घालायचा सल्ला मीच दिला होता. त्याबद्दल पुढे लिहिते.

बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय लागतात. खुल्या वर्गासाठी किमान 45 टक्क्यांची अट आहे. म्हणजे या मुलीला बीएस्सीच्या पहिल्या वर्षालाच प्रवेश मिळू शकत नव्हता, मग दुसऱ्या वर्षाला कुठून मिळणार? एजंटनं ही गोष्ट सांगितली नव्हती. अब्बांना विचारायचं सुचलं नव्हतं.

ही माहिती आपल्या घरांत अजून नीट पोहोचलेली नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. नर्सिंगकडे जाण्याचे तीन मुख्य रस्ते आहेत. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. पहिल्या दोन्हींना कुठल्याही शाखेची बारावी चालते. आपल्या राज्यात जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बीएस्सीची परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. मंडळ वेगळं, विद्यापीठ वेगळं, अभ्यासक्रम वेगळा. जीएनएमचं एक वर्ष झालं म्हणून त्याचे गुण बीएस्सीत धरले जात नाहीत. सायन्सची मुलगी असली तरी तिला सीईटी देऊन पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

पण जीएनएम पूर्ण केलेल्या मुलीसाठी वेगळा, सरळ रस्ता आहे. तीन वर्षं पूर्ण करायची, परिचर्या परिषदेकडे नोंदणी करायची आणि मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करायचं. त्याला बारावीचं सायन्स लागत नाही. शेवटी हातात पदवीच येते.

मी अब्बांना कागदावर आकडे मांडून दाखवले. मुलगी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला. उरलेली दोन वर्षं आणि पुढची दोन, म्हणजे चार. मधल्या काळात ती स्टाफ नर्स म्हणून नोकरी करू शकते, पोस्ट बेसिकची फी स्वतः जमवू शकते. आज सगळं सोडून नव्यानं बीएस्सी करायची म्हटली, आणि सायन्स असतं असं धरलं, तरी चारच वर्षं. शिवाय आतापर्यंतची फी आणि मेहनत पाण्यात. अब्बा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग ती एवढी रडून का सांगते, की हा कोर्स नको?"

हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर अब्बांकडेही नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला एकटीला बोलावलं. आधी तिनं ठरलेलं उत्तर दिलं. मामू सौदीत आहेत, ते म्हणतात डिप्लोमाला तिकडे किंमत नाही. परदेशातल्या बऱ्याच जागांसाठी पदवी मागतात, हे खोटं नाही. पण एवढ्यासाठी कुणी रात्र रात्र रडत नाही. मी काही न बोलता भाजी निवडत बसले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "टीचर, माझा पहिल्या वर्षाचा बायोसायन्सचा पेपर राहिलाय. घरी कुणाला माहीत नाही."

वर्गात सगळं इंग्रजीतून, पेपर इंग्रजीतून. ही बारावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली. वॉर्डात तिचं काम चांगलं होतं. सिस्टर तिला इंजेक्शनच्या ट्रेला मुद्दाम बोलवायच्या. पेशंटच्या बायका तिचं नाव घेऊन हाक मारायच्या. पण पेपरात किडनीचं काम लिहायला गेली की समजलेलं असूनही वाक्य जमायचं नाही. एक पेपर राहिला तरी तिला दुसऱ्या वर्षाला बसू दिलं होतं. पण ही गोष्ट घरी सांगायची कशी? अब्बांनी कर्ज काढून फी भरलेली. अशा वेळी एजंट भेटला आणि तिला सुटकेचा दरवाजा दिसला. नवं कॉलेज, नवी पाटी, नापासाचा विषयच नाही.

म्हणजे प्रश्न एका पेपरचा होता आणि त्यावर उपाय म्हणून सगळा कोर्सच बदलायचा चालला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ही मुलगी दहावीला असताना तिला विज्ञानात 61 गुण होते. तिच्या अब्बांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, "सायन्स झेपायचं नाही हो, उर्दूतून आलेली आहे, आर्ट्सला घाला." तिला काय व्हायचंय, हे मी तिला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं, तर बीएस्सीचा दरवाजा तेव्हाच बंद झाला नसता. मी ही चूक अब्बांसमोर कबूल केली. ते चांगले गृहस्थ, म्हणाले, "तुम्ही भल्यासाठीच सांगितलं होतं." भल्यासाठीच सांगितलं होतं, पण चुकीचं सांगितलं होतं. आता दहावीच्या निकालानंतर कुणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी मुलीला समोर बसवते.

कोर्स किंवा कॉलेज बदलूच नये, असं मी म्हणत नाही. कधी कधी बदलणंच शहाणपणाचं असतं. कॉलेजला परिचर्या परिषदेची आणि विद्यापीठाची किंवा मंडळाची मान्यता नसेल, तर तिथं एक दिवसही थांबू नये. तिथलं प्रमाणपत्र नोंदणीला चालणार नाही आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. कॉलेजशी जोडलेल्या दवाखान्यात पेशंटच नसतील आणि मुलींना ड्यूटीच्या नावाखाली नुसतं बसवून ठेवत असतील, तरी विचार करावा. बीएस्सीच्या पदवीसाठी वॉर्डातली ठरलेली ड्यूटी शंभर टक्के भरून काढावी लागते, कारण हे शिक्षण पेशंटच्या खाटेजवळच होतं. आणि मुलीचं मनच या कामात नसेल, रक्त बघून, रात्रपाळीनं ती आतून खचत असेल, तर पहिल्या काही महिन्यांतच थांबणं बरं. तिसऱ्या वर्षी हे लक्षात येणं फार महाग पडतं.

म्हणून मुलगी "मला बदलायचंय" म्हणाली, की तिला एवढंच विचारा: तुला कॉलेज नको आहे, कोर्स नको आहे, की हा पेशाच नको आहे? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. फक्त कॉलेज नको असेल, तर त्याच कोर्ससाठी दुसऱ्या ठिकाणी रिकामी जागा, दोन्ही संस्थांची ना-हरकत आणि विद्यापीठाची किंवा मंडळाची परवानगी लागते. हे सगळं लेखी मागा. कोर्स नको असेल, तर नव्या ठिकाणी जुन्यातलं काय धरलं जाईल, ते विद्यापीठाला किंवा मंडळाला विचारा. एजंटला विचारू नका. आणि नवा प्रवेश कागदावर पक्का होईपर्यंत जुना रद्द करू नका. शिष्यवृत्ती चालू असेल, तर तिचं काय होईल, तेही आधी बघून घ्या.

पेशाच नको असेल, तर तिच्यावर ओरडू नका. आधी ऐकून घ्या.

आमच्या त्या मुलीनं शेवटी अब्बांना पेपरचं सांगितलं. मी सोबत होते. अब्बा रागावले, मग उठून बाहेर गेले, अर्ध्या तासानं परत आले आणि म्हणाले, "फॉर्म कधी भरायचा आहे?" राहिलेल्या पेपरचा फॉर्म भरून झालाय. दर रविवारी दुपारी ती माझ्याकडे येते. बायोसायन्स मला येत नाही, पण इंग्रजी वाक्य कसं उभं करायचं, ते मी शिकवू शकते. आधी ती मला किडनी उर्दूत समजावून सांगते, मग आम्ही दोघी मिळून तेच इंग्रजीत लिहितो. मलाही किडनी कळायला लागली आहे.

टोकनचे पंधरा हजार अजून परत आलेले नाहीत. एजंट फोन उचलत नाही. बांगड्या मात्र घरातच आहेत.