समुद्राची नाडी कोठें पाहावी?

परभणीपासून समुद्र फार लांब. त्याच्या प्रकृतीची चौकशी आपण कां करावी, असा प्रश्न पालकांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु गंगाखेडावरून वाहणारी गोदावरी आपल्या शेतांतलें खत आणि गांवांचें सांडपाणी घेऊनच बंगालच्या उपसागराकडे जाते. तेव्हां ह्या रोग्याशीं आपलें नातें अगदींच दूरचें नाहीं.

सहलीनिमित्त मुंबईस गेलों असतां ठाण्याच्या खाडींत रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे पाहून आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, पक्षी इतके, म्हणजे पाणी स्वच्छच असलें पाहिजे!" आम्हांसही क्षणभर तसेंच वाटलें. खाडीचा हा भाग २०१५ सालीं अभयारण्य झाला व २०२२ सालीं रामसर यादींत गेला. परंतु रोहित ज्या सूक्ष्म शैवालावर पोसतो, तें शहराच्या सांडपाण्यांतील नत्र-स्फुरदावर माजतें, असें अभ्यासक सांगतात. म्हणजे थवा वाढला, हें कदाचित् आरोग्याचें नव्हे, व्याधीचेंच लक्षण असेल. गालांवर लाली तापानेंही येते!

मासळीचें वजनही असेंच फसवें. बंदरावर उतरलेली मासळी तेवढीच भरली, तरी मोठे मासे जाऊन त्यांच्या जागीं लहान जाती आल्या असतील. डॅनिअल पॉली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं हाच प्रकार जगभरच्या आंकड्यांवरून दाखविला. म्हणून टोपली न तोलतां पापलेटाची लांबी मोजावी. २०२३ सालीं आपण ज्याला राज्यमासा केलें, तो अंडीं घालण्याइतका वाढण्यापूर्वींच जाळ्यांत सांपडूं लागला, तर तेथें धोक्याची सूचना समजावी.

आमच्या मतें साक्षीदार निवडावा तो देखणा नव्हे, तर जागा न सोडणारा. कालवें व शिंपले एके ठिकाणीं चिकटून पाणी गाळीत जगतात. पाण्यांतलें शिसें, पारा, कीटकनाशकें त्यांच्या अंगांत सांठत जातात. अमेरिकेंतील एडवर्ड गोल्डबर्ग यांनीं १९७५ सालीं शिंपल्यांवरून साऱ्या जगाचे किनारे तपासण्याची कल्पना मांडली, ती ह्याचसाठीं. दुसरी खूण पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूची. मात्र तो भर दुपारीं मोजूं नये. शैवाल दिवसा उन्हांत प्राणवायु सोडतें, आणि रात्रीं स्वतःच तो खातें. त्यामुळें दुपारचा आंकडा पाहून सारें ठीक वाटतें, आणि मासे मरतात पहांटे. सरकारी असो वा शाळेची, प्रत्येक पाहणी सोयीच्या वेळीं करण्याची आपली खोड येथें नडते.

शिवाय जागा तीच, महिना तोच, रीत तीच राहिली पाहिजे. नाहींतर दोन वर्षांची तुलना ती काय करणार?

समुद्र आपल्या हातांत नाहीं, नदी आहे. नदीकांठीं राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं एक जागा ठरवून दरमहा सूर्योदयापूर्वीं प्राणवायु मोजावा, अशी सूचना आम्हीं वर्गांत केली. पहांटे उठण्यास आतांपर्यंत चारजण तयार झाले आहेत. कोणा पालकांस बरोबर यावयाचें असल्यास त्यांनीं अवश्य यावें. मुलांस एकट्यांनीं पाण्याजवळ जाऊं देण्यास आम्ही तयार नाहीं.