प्रतिपक्षाचे म्हणणे मांडता येणे

छत्तीसगडच्या विधानसभेची पहिली बैठक १४ डिसेंबर २००० रोजी भरली तेव्हा या नव्या राज्यापाशी स्वतःचे सभागृह नव्हते. आणि म्हणून, जे विद्यालय १८८२ साली जबलपूरला संस्थानिकांच्या मुलांसाठी निघाले व १८९४ मध्ये आपल्या रायपूरला आले, त्या राजकुमार कॉलेजच्या जशपूर हॉलमध्ये नव्वद जागांच्या या सभेचे कामकाज सुरू झाले. ज्या वास्तूत एके काळी जन्माने राज्याधिकार मिळालेल्यांना राज्य कसे करावे याचे धडे दिले जात, त्याच वास्तूत मताने अधिकार मिळालेल्यांनी कारभाराचा आरंभ करावा, या घटनेचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. राजपुत्राला राज्यकारभार शिकवावा लागतो हे त्या काळच्या सत्ताधाऱ्यांना समजत होते. मग ज्या व्यवस्थेत प्रत्येक नागरिक राज्याचा भागीदार आहे, त्या व्यवस्थेत हे शिक्षण प्रत्येक मुलाला मिळाले पाहिजे, हे आपल्याला अद्याप का समजू नये?

विधानसभेला पुढे बरोंड्याची इमारत मिळाली, आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी, राज्याच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, नवा रायपूर येथे तिच्या स्वतःच्या भव्य भवनाचे उद्घाटनही झाले. परंतु या पंचवीस वर्षांत आपल्या शाळांचा शिरस्ता मात्र बदलला नाही. राजकारणाचा विषय वर्गात निघाला की तो तिथेच तहकूब करायचा, हा तो शिरस्ता होय. बारावीच्या विद्यार्थ्याला राज्यघटनेतील भागांची आणि अनुसूचींची संख्या पाठ असते. पण आपल्याच बाकावर बसणाऱ्या, ज्याच्या घरी दुसऱ्या पक्षाला मत दिले जाते अशा मित्राशी, मैत्री न मोडता दहा मिनिटे बोलावे कसे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले, म्हणजे मताचा हक्क कायद्याने शाळेच्या फाटकापर्यंत आणून ठेवला. तो हक्क बजावण्याचे शिक्षण मात्र फाटकाच्या आत अजून आले नाही.

या शिरस्त्यामागे जी भीती आहे तिला मी क्षुल्लक मानत नाही. तिची बाजू पुरती मांडल्यावाचून पुढे जाणे हे या लेखाच्या विषयालाच धरून होणार नाही. पालकांना वाटते की शिक्षकाचे स्वतःचे मत असणारच, आणि गुण देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचे मत कोवळ्या मनावर हुकमासारखे उमटेल. मुख्याध्यापकांना वाटते की आज वर्गात एखाद्या नेत्याचे नाव निघाले, तर उद्या त्या नेत्याचे कार्यकर्ते तक्रार घेऊन दफ्तरात उभे राहतील. सरकारी शिक्षक सेवानियमांनी बांधलेला असतो आणि बदलीची टांगती तलवार त्याच्या माथ्यावर असते. शिवाय महाविद्यालयीन निवडणुकांत पैसा आणि दांडगाई इतकी शिरली होती की त्यांच्यासाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी २००६ साली सर्वोच्च न्यायालयाला लागू कराव्या लागल्या. ही सर्व कारणे खरी आहेत, आणि ज्यांनी ती अनुभवली आहेत त्यांच्या सावधगिरीला नावे ठेवणे अन्यायाचे होईल.

तथापि, या सावधगिरीचे फळ काय मिळाले, याचाही हिशेब झाला पाहिजे. शाळेने मौन पाळले म्हणून विद्यार्थी तटस्थ राहिला, असे घडलेले नाही. राजकारण त्याच्यापर्यंत पोचतेच; फक्त ते हातातल्या फोनमधून, आपल्याच जातीच्या, आपल्याच पक्षाच्या, आपल्याच मोहल्ल्याच्या गटांतून पोचते, जिथे दुसऱ्या बाजूचा माणूस हजर नसतो आणि त्याच्या वतीने खुलासा करणाराही कोणी नसतो. वर्ग ही या वयातली अशी जवळजवळ एकमेव जागा आहे की जिथे भिन्न घरांतील, भिन्न मतांची मुले रोज एका छपराखाली, एका प्रौढ माणसाच्या देखरेखीत बसतात. त्या जागेनेच राजकारणाला मज्जाव केला, तर परस्परांना ऐकण्याची सवय त्यांनी लावून घ्यावी कोठे?

मग शिकवायचे ते काय? कोणता पक्ष बरा आणि कोणता वाईट, हा निष्कर्ष शिकवायचा नाही. निष्कर्षापर्यंत जाण्याची रीत शिकवायची. ही रीत आपल्याला परदेशातून आणावी लागणार नाही. आपल्या शास्त्रकारांचा दंडकच होता की खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो इतक्या सामर्थ्याने मांडावा की प्रतिपक्षालाही त्यात न्यून काढता येऊ नये. त्यानंतरच स्वतःच्या उत्तरपक्षाला तोंड फोडावे. ज्याला विरोधकाचे म्हणणे विरोधकाच्या समाधानाइतके मांडता येत नाही, त्याला त्याचे खंडन करण्याचा अधिकार अजून प्राप्त झालेला नाही. आदरयुक्त संवाद म्हणजे गोड बोलणे नव्हे, मतभेद लपवणे तर नव्हेच. टिळक आणि गोखले यांनी आयुष्यभर एकमेकांच्या मार्गांवर कठोर टीका केली, पण १९१५ साली गोखले निवर्तले तेव्हा त्यांच्या गुणांची थोरवी स्मशानभूमीवर जमलेल्या समुदायाला सांगणारे टिळकच होते. ज्याच्या मताशी इतकी वर्षे झुंज घेतली त्याचे मोल त्यांना पुरते ठाऊक होते, आणि ते उघडपणे बोलून दाखवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आपल्या रायपुरालाही या वृत्तीचा वारसा आहे. माधवराव सप्रे आणि वामनराव लाखे ही नावे आज सप्रे शाळेच्या आणि लाखेनगरच्या रूपाने आपल्या रोजच्या बोलण्यात येतात; या दोघांनी रामराव चिंचोलकरांसह १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. मराठी घरांतून आलेल्या या माणसांनी या मुलुखाची भाषा आपली मानली, आणि त्या मासिकातून सप्र्यांनी ग्रंथांच्या गुणदोषांचे असे परीक्षण केले की हिंदी समालोचनेचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. पुढे 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणणारेही सप्रेच. लेखक कोण हे न पाहता लेखन काय आहे हे पाहावे, ही त्यांची शिकवण आज राजकीय विधानांना लावण्याची वेळ आली आहे.

शाळांतून यासाठी काहीच होत नाही असे नाही. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिफारस केल्यावरून १९६६ पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसदेच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि पुढे केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये व विद्यापीठे यांपर्यंत त्या पसरल्या. प्रश्नोत्तरांचा तास, स्थगन प्रस्ताव, विधेयकावरील चर्चा यांची ओळख मुलांना त्यांतून होते, हा लाभ लहान नाही. परंतु बहुतेक ठिकाणी मंत्र्याचे उत्तर आणि विरोधी सदस्याचा प्रश्न हे एकाच शिक्षकाच्या लेखणीतून उतरलेले असतात. मुले ते पाठ करतात, परीक्षक उच्चार आणि आवेश पाहतात, आणि तासाभरात सभागृह विसर्जित होते. यात कोणाचे मन वळत नाही, कोणाला अनपेक्षित उत्तर द्यावे लागत नाही. ही उणीव दूर करण्यास फार मोठ्या तरतुदीची गरज नाही. लेखी संवाद काढून घ्यावेत. कोणी कोणत्या बाकावर बसायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. मध्यंतरानंतर बाजू बदलाव्यात. आणि प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडण्यासाठी स्वतंत्र गुण ठेवावेत, जे त्याच प्रतिपक्षाच्या मुलांना विचारून द्यावेत.

विषयांची वाण आपल्याकडे मुळीच नाही. २०२३ च्या निवडणुकीत धानाच्या खरेदीवरून या राज्यात केवढे रण माजले होते ते सर्वांना आठवते. भारतीय जनता पक्षाचे वचन होते की एकरी २१ क्विंटल धान ३१०० रुपये दराने घेऊ. काँग्रेसचे वचन होते की एकरी २० क्विंटल ३२०० रुपये दराने घेऊ. आता नववीच्या वर्गात फळ्यावर हा गुणाकार करावा: पहिल्या वचनाचे एकरी ६५,१०० रुपये होतात, दुसऱ्याचे ६४,०००. ज्या दोन घोषणांनी गावे दुभंगली त्यांतील अंतर, मर्यादेइतके धान पिकवणाऱ्यासाठी, एकरी ११०० रुपयांचे आहे, हे मुलाने स्वतःच्या हाताने काढले की त्याच्या मनातील आवेश आपोआप विचाराला वाट देतो. मग पुढचे प्रश्न येतात, आणि खरे राजकारण तिथेच सुरू होते. त्या हंगामात साधारण धानाचा केंद्राचा हमीभाव २१८३ रुपये होता; ३१०० चा दर धरला तर प्रतिक्विंटल ९१७ आणि एकरी १९,२५७ रुपयांचा वरचा भार राज्याच्या तिजोरीवर येतो. तो कोठून भरायचा? ज्याचे पीक मर्यादेच्या निम्मेच येते त्याला कोणते वचन अधिक लाभाचे? कोदो-कुटकी पिकवणाऱ्या डोंगरातल्या शेतकऱ्याला यात काय मिळाले? सगळेच धानाकडे वळले तर भूजलाचे काय? या प्रश्नांवर एकाच पक्षाच्या घरांतील दोन मुलांचे मतभेद होतील, आणि भिन्न पक्षांच्या घरांतील दोन मुले एकमताची निघतील. पक्षाची रेषा ही विचाराची एकमेव रेषा नव्हे, हे व्याख्यानातून न उमगणारे सत्य त्यांना हिशेबातून उमगेल.

मोठ्यांच्या सभागृहाकडेही मुलांना दाखवण्याजोगे बरेच आहे. छत्तीसगड विधानसभेच्या नियमावलीत अशी तरतूद आहे की अध्यक्षांच्या आसनासमोरील जागेत, ज्याला आपल्याकडे गर्भगृह म्हणतात, जो सदस्य गोंधळ करीत उतरेल तो कोणत्याही ठरावावाचून आपोआप निलंबित होतो. विरोधी सदस्य कधी कधी निषेधासाठी जाणूनबुजून ही मर्यादा ओलांडतात, त्याचे फळ भोगतात, आणि निलंबन मागे घेतले गेले की पुन्हा चर्चेला बसतात. नियम आणि निषेध या दोहोंचाही मान राखण्याची ही रीत मुलांनी समजून घ्यावी. याच सभागृहाने जुलै २०२२ मध्ये हसदेव अरण्यातील कोळसा खाणींचे वाटप रद्द करावे असा अशासकीय ठराव एकमताने संमत केला, आणि तो मांडणारा सदस्य सत्तारूढ पक्षाचा नव्हता, प्रमुख विरोधी पक्षाचाही नव्हता. ठरावाची पुढे काय वासलात लागली हा वादाचा विषय आहे आणि वर्गात त्यावर वाद व्हावाच; परंतु एका लहान पक्षाच्या सदस्याचा मुद्दा साऱ्या सभागृहाला आपला म्हणावासा वाटतो, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

शेजारच्या नागपुरात याहून एक पाऊल पुढचा प्रयोग चालतो. हिवाळी अधिवेशनाच्या काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यातील विद्यापीठांच्या राज्यशास्त्र व लोकप्रशासन या विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरवते. पीठासीन अधिकारी, मंत्री आणि विरोधी नेते तिथे त्याच मुलांसमोर बोलतात. हे नागपूर आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत रायपूर, दुर्ग, बिलासपूरचे प्रतिनिधी विदर्भाच्या प्रतिनिधींसह तिथल्याच विधिमंडळात बसत होते, आणि १९३७ पासून १९५२ पर्यंत त्या सभेचे अध्यक्षस्थान दुर्गच्या घनश्यामसिंह गुप्तांकडे होते, जे पुढे राज्यघटनेच्या हिंदी अनुवादासाठी नेमलेल्या समितीचेही प्रमुख झाले. हिंदी आणि मराठी, वऱ्हाड आणि महाकोशल, असे भिन्न हितसंबंधांचे लोक एका छपराखाली भांडत आणि कायदेही करीत. असा अभ्यासवर्ग रायपुरातही दरवर्षी भरावा, त्यात पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाने पुढाकार घ्यावा, आणि महाविद्यालयांबरोबर अकरावी-बारावीच्या मुलांनाही बोलावावे, अशी माझी विधानसभा सचिवालयाला आग्रहाची विनंती आहे.

हा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील तर मी त्याला २५ मे २०१३ या दिवसाची आठवण देईन. त्या दिवशी बस्तरच्या झीरम खोऱ्यात माओवाद्यांनी काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेवर हल्ला केला. नंदकुमार पटेल, महेंद्र कर्मा आणि त्यांच्याबरोबरची कितीतरी माणसे मारली गेली, आणि रायपूरचे विद्याचरण शुक्ल पुढच्या महिन्यात त्याच जखमांनी गेले. निवडणुकीचा प्रचार करणे हे जिथे जिवावरचे काम ठरले, त्या राज्यात शब्दांनी भांडता येणे ही शोभेची गोष्ट उरत नाही. बंदुकीचे उत्तर केवळ बंदोबस्ताने पुरे होत नाही. आपले गाऱ्हाणे मांडता येते, ते ऐकले जाते आणि ऐकणारा विरोधक असला तरी तो शत्रू नसतो, हा विश्वास ज्या पिढीला लहानपणी येतो तीच बंदुकीला निरर्थक करते.

शेवटी आपल्या मराठी मंडळींविषयी. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळाच्या आणि शहरातील अन्य मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत नाटक, गीतगायन, वक्तृत्व यांना जसे स्थान आहे तसेच एका सत्राला द्यावे: राज्यापुढील एक प्रश्न, दोन्ही बाजूंची मुले, आणि अट एकच, की प्रत्येकाने आधी दुसऱ्याचे म्हणणे सांगायचे व दुसऱ्याने 'होय, हेच माझे म्हणणे' असे कबूल केल्यावरच आपले बोलायचे. प्रेक्षकांत बसलेल्या वडीलधाऱ्यांनी त्या वेळी फक्त ऐकावे. पालकांनी घरी, शिक्षकांनी वर्गात आणि प्रतिनिधींनी सभागृहात हीच अट स्वतःला लावून घेतली, तर मुलांना वेगळा उपदेश करावा लागणार नाही. आपल्या मुलाने आपल्याच पक्षाला मत द्यावे, ही इच्छा प्रत्येक पालकाला असू शकते. परंतु आपल्या मुलाने दुसऱ्या पक्षाचे म्हणणे न विकृत करता मांडावे आणि मग स्वतःच्या बुद्धीने निवड करावी, अशी इच्छा धरण्याइतके आपण मोठे झालो, तरच पंचविशी ओलांडलेल्या या राज्याची लोकशाही वयात आली असे म्हणता येईल.

— रायपूरकर