पेपर किती, आणि कामी आले किती?

सोलापूरच्या एका आईचे पत्र आले आहे. मुलगी जैवतंत्रज्ञानात पीएच.डी. करते. तिच्या मोबाइलवर मेसेज येतात, ‘पैसे भरा, आठ दिवसांत तुमचा पेपर छापून देतो.’ घरात थोडे पैसे साठवलेले आहेत. द्यावेत का?

आपा, देऊ नका. चांगल्या नियतकालिकात पेपर छापण्याआधी त्या विषयाचे जाणकार तो तपासतात, चुका काढतात, पुष्कळदा परत पाठवतात. यात महिने जातात. फी काही नामांकित नियतकालिकेही घेतात, पण पेपर तपासून स्वीकारल्यावर. आठ दिवसांचा वायदा करणाऱ्याला तपासायचेच नसते.

आता ‘सायटेशन’. तुमच्या मुलीच्या पेपरचा आधार दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरात नोंदवला, की तिचे एक सायटेशन झाले. २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने त्यावरून ‘एच-इंडेक्स’ काढला. निदान पाच पेपरांना प्रत्येकी पाच सायटेशने असतील तर इंडेक्स पाच. पन्नास पेपर छापले आणि एकाचाही आधार कोणी घेतला नाही, तर शून्य!

ओबेद सिद्दीकी यांचे उदाहरण पाहा. बस्ती जिल्ह्यातला हा मुलगा अलीगढमध्ये शिकला, पुढे ग्लासगोला गेला. १९६२ मध्ये अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्याबरोबर त्यांनी जीवाणूंवर पेपर लिहिला. जनुकात बिघाड झाला की प्रथिन नीट तयार होत नाही, पण काही जीवाणू त्या बिघाडावर मात करून ते तयार करतात, असे त्यांना दिसले. जनुकातली ‘इथे थांब’ ही खूण समजण्यासाठी या कामाचा मोठा उपयोग झाला. त्याच वर्षी होमी भाभांनी त्यांना मुंबईला बोलावले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा राहिला. जीवाणूंवरचे त्यांचे पेपर वाचून व्हेरोनिका रॉड्रिग्ज ही केनियात जन्मलेली, गोव्याकडच्या घराण्यातली मुलगी त्यांच्याकडे संशोधनाला आली. कुठल्या इंडेक्सात मोजणार हे? १९७८ मध्ये दोघांनी मिळून फळमाशीच्या चव आणि वासाच्या जाणिवेमागच्या जनुकांवर पेपर लिहिला. तोही परदेशात नव्हे, भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापला. वासाच्या जाणिवेवर काम करणारे त्याचा आधार पुढे कित्येक वर्षे घेत राहिले. सिद्दीकींना २००६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २०१३ मध्ये ते बंगळुरूत वारले.

आकड्यांना अजिबात किंमत नाही असे मात्र नाही. नोकरीच्या मुलाखतीत पेपर विचारतात, हे खरेच आहे. पण बनावट नियतकालिकाचे नाव मुलाखतीत उलट अंगावर येते.

अजून एक. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत यूजीसीने प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढून टाकली आहे. तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो. तो केगावला विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जाऊन लेखी पाहून घ्या, मेसेज पाठवणाऱ्याला विचारू नका. गाईडला नियतकालिकाचे नाव दाखवा. आणि मुलीला एवढेच विचारा, की त्या नियतकालिकातला एखादा पेपर तिला स्वतःच्या कामासाठी कधी उघडावा लागला का?