बंदूक-कारागिराचा मारेकरी कोण? छपाईयंत्र नव्हे!

१/
नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘सॉलिड कन्सेप्ट्स’ या अमेरिकी कंपनीने थ्रीडी पद्धतीने छापलेले धातूचे पिस्तूल जगासमोर ठेवले. तेव्हापासून समाजमाध्यमांवर एक विधान फिरते आहे: ‘थ्रीडी छपाईने बंदूक घडवणारा पारंपरिक कारागीर संपवला.’ विधान चटकदार आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. ते का टिकत नाही आणि या चुकीची किंमत कोण मोजतो, याचा हा #थ्रेड.

२/
प्रथम त्या पिस्तुलाविषयी. ते कोणतेही नवे शस्त्र नव्हते. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या आणि अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या सुप्रसिद्ध पिस्तुलाची ती प्रतिकृती होती. तिचे तीसहून अधिक भाग स्टेनलेस पोलाद आणि ‘इन्कोनेल’ या निकेलप्रधान मिश्रधातूत छापले होते. स्प्रिंगा मात्र छापलेल्या नव्हत्या. पहिल्या चाचणीत त्यातून ५० गोळ्या यशस्वीपणे झाडल्या गेल्या. शंभर वर्षांपूर्वीचा आराखडा आणि नवे यंत्र, एवढाच त्या बातमीचा ऐवज.

३/
ही छपाई होते कशी? धातूची अतिसूक्ष्म भुकटी काही दशांश नव्हे, तर काही शतांश मिलिमीटर जाडीच्या थरात पसरली जाते. लेझरचा किरण आराखड्यानुसार त्या थराचा हवा तेवढाच भाग वितळवतो. त्यावर दुसरा थर, मग तिसरा, असे हजारो थर साचत जातात. धातूचे ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणून हे सारे आर्गॉन किंवा नायट्रोजन वायूने भरलेल्या बंद पेटीत चालते. हे औद्योगिक यंत्र आहे. घरच्या मेजावरच्या प्लॅस्टिक प्रिंटरशी त्याचे साम्य नावापुरतेच.

४/
आणि त्या पेटीतून बाहेर काय येते? खडबडीत पृष्ठभागाचा, अंतर्गत ताणांनी ग्रासलेला, आधाराच्या कांड्यांनी तळाशी जखडलेला एक आकार. त्याला उष्णोपचार द्यावा लागतो, आधार कापावे लागतात, एकमेकांवर सरकणारे पृष्ठभाग घासून मापात आणावे लागतात. त्या गाजलेल्या पिस्तुलाचे भागही अखेर हातहत्यारांनी साफ करून जुळवले गेले. कारागिराला संपवणाऱ्या यंत्रालाच शेवटचा हात कारागिराचा लागला, हे सांगायला बातम्या विसरल्या.

५/
बंदुकांच्या व्यवसायात धातूछपाईने खरोखर पाय रोवले ते ध्वनिरोधक नळकांड्यांमध्ये. त्यांच्या आतील गुंतागुंतीचे कप्पे कापून-कोरून करणे अवघड, छापणे तुलनेने सोपे. पण ध्वनिरोधक ही विसाव्या शतकातली वस्तू. ऐरणीवर नळी घडवणाऱ्या आणि कानशीने खटका जुळवणाऱ्या जुन्या कारागिराची भाकरी तिच्यावर कधीच अवलंबून नव्हती. जे त्याच्या ताटात नव्हते, ते हिरावले कसे जाईल?

६/
‘यंत्राने कारागीर संपवला’ ही घोषणाही नवी नाही. १७८५ साली फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लांक याने ५० खटक्यांचे सुटे भाग थॉमस जेफर्सनसमोर मांडले. जेफर्सनने हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही खटके जोडले आणि त्याचे कौतुक मायदेशी कळवले. कोणताही भाग कोणत्याही बंदुकीत बसावा, ही कल्पना तेव्हाच अवतरली होती. कारागीर मात्र दुसऱ्या दिवशी आपल्या भट्टीवर हजर होता.

७/
पुढे अमेरिकेत ईलाय व्हिटनीने १७९८ साली १०,००० मस्केट बंदुकांचा सरकारी ठेका मिळवला. १८०१ मध्ये त्याने राज्यकर्त्यांसमोर सुट्या भागांचे प्रात्यक्षिक केले आणि तो दंतकथा बनला. ठेका पुरा व्हायला मात्र १८०९ उजाडले. विसाव्या शतकात संशोधकांनी त्याच्या उरलेल्या बंदुका उघडून पाहिल्या, तेव्हा त्यांचे भाग परस्परांत बदलता येत नाहीत असे आढळले. ते कानशीने एकेका बंदुकीपुरते जुळवले होते. टाळ्या यंत्राला, घाम कानशीचा: २०१३ चे नाट्य २०० वर्षांपूर्वी असे एकदा रंगले होते.

८/
खरा बदल घडला तो सरकारी शस्त्रशाळांत. हार्पर्स फेरी येथे जॉन हॉलने १८२० च्या दशकात गेज, जिग आणि कापणारी यंत्रे यांच्या साहाय्याने अदलाबदल होणारे भाग प्रत्यक्षात आणले. त्यामागे सरकारचा पैसा, सरकारची मागणी आणि दीर्घ मुदतीचा संयम होता. खासगी कारागिराला यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. म्हणजे पारडे फिरले ते यंत्राच्या अंगच्या जादूमुळे नव्हे. यंत्र कोणाच्या खर्चाने आणि कोणासाठी चालणार, हा निर्णय त्याआधीच झाला होता.

९/
इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची कथा याहून बोलकी. तेथे एक बंदूक डझनावारी हातांतून जाई. कोणी नळी ठोके, कोणी खटका घासे, कोणी दस्ता कोरी. १८५१ च्या लंडन महाप्रदर्शनात व्हरमाँटच्या ‘रॉबिन्स अँड लॉरेन्स’ने अदलाबदल होणाऱ्या भागांच्या रायफली मांडल्या. १८५४ मध्ये ब्रिटिश समिती अमेरिकेत यंत्रे पाहायला गेली आणि ती यंत्रे एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात बसली. बर्मिंगहॅमच्या पोटावर पाय आला.

१०/
मग बर्मिंगहॅमच्या मालक-कारागिरांनी काय केले? १८६१ साली चौदा जण एकत्र आले आणि त्यांनी ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ ही कंपनी काढून तीच यंत्रे स्वतः आणली. बेल्जियमच्या लिएज परिसरातही हेच घडले. १८८९ मध्ये तेथील शस्त्रकारांनी मिळून हेर्स्टाल येथे ‘फाब्रिक नासिओनाल’ स्थापन केली. ब्राउनिंगची अनेक पिस्तुले पुढे याच कारखान्यातून बाहेर पडली.

११/
या यशालाही काळी बाजू आहे आणि ती लपवता कामा नये. वाचले ते मालक. दिवसाच्या मजुरीवर कानस चालवणाऱ्याच्या हाती भागभांडवल नव्हते, म्हणून त्याच्या हाती भविष्यही राहिले नाही. यंत्र एकच, गाव एकच, धंदाही एकच. तरी एकाचा कारखाना झाला आणि दुसऱ्याची कानस गंजली. यंत्र दोषी असते, तर दोघेही बुडाले असते. दोघांतला फरक यंत्राच्या मालकीचा होता.

१२/
आता भारताकडे. बंगालचा नवाब मीर कासिम याने १७६० च्या दशकाच्या आरंभी राजधानी मुंगेरला हलवली आणि तेथे शस्त्रनिर्मितीला वेग दिला. ‘सियर-उल-मुताखरीन’ या ग्रंथाच्या तत्कालीन इंग्रजी अनुवादकाने नोंदवले आहे की, कलकत्त्यात तुलना केली असता मुंगेरच्या बंदुका कंपनीसाठी विलायतेहून येणाऱ्या बंदुकांपेक्षा सरस ठरल्या. त्यांच्या चकमकीसाठी राजमहालचा अकीक वापरला जाई. हे कौशल्य मागासलेले होते, असे म्हणण्यास जागा उरत नाही.

१३/
मराठ्यांचेही असेच. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला तोफा आणि बंदुका तयार होत. दि बॉयनच्या हाताखालचा सँग्स्टर नावाचा स्कॉटिश मनुष्य त्या कामावर देखरेख करी. ऐरणीवरचे हात येथल्या कारागिरांचे होते. परदेशी तंत्र आले म्हणून हिंदुस्थानी कारागीर उपाशी मरायला हवा होता. घडले उलटे. नव्या धर्तीच्या फौजेने त्याला नवे काम दिले. कारण गिऱ्हाईक स्वकीय होते आणि कारखाना त्या गिऱ्हाइकाचा होता.

१४/
हे काम थांबले कशाने? ऑक्टोबर १८०३ मध्ये जनरल लेकने आग्रा जिंकले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एकामागून एक फौजा मोडल्या आणि बंदुकीचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. या मधल्या काळात मुंगेरच्या किंवा आग्र्याच्या कारागिरासमोर कोणतेही अद्भुत यंत्र येऊन उभे राहिले नव्हते. त्याच्यासमोर आले होते ते रिकामे दुकान.

१५/
आणि मग १८७८. व्हाइसरॉय लिटनच्या राजवटीत देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला, त्याच वर्षी शस्त्रांचा कायदाही आला. शस्त्र बनवणे, विकणे, बाळगणे या साऱ्याला परवाना लागू झाला. युरोपियनांना त्यातून सवलत होती, हिंदुस्थानी माणसाला नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या नळी घडवणारे घराणे एका स्वाक्षरीने संशयित ठरले. हे काम लेझरने केलेले नाही, लेखणीने केले आहे.

१६/
येथे एक आक्षेप रास्त आहे: मग शस्त्रांवर नियंत्रण नसावे काय? नक्कीच असावे. पण नियंत्रणाचे दोन प्रकार इतिहासात दिसतात. लिएजमध्ये १६७२ पासून आणि बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून प्रत्येक नळी जादा दारू भरून तपासण्याची आणि तीवर शिक्का उमटवण्याची कायदेशीर व्यवस्था झाली. तो कायदा कारागिराकडून जबाबदारी मागत होता आणि बदल्यात त्याला पत देत होता. १८७८ च्या कायद्याने जबाबदारी मागितलीच नाही. त्याने थेट अविश्वास दाखवला.

१७/
त्याचे फळ आजही समोर आहे. मुंगेरचे कौशल्य पूर्णपणे मेले नाही. काही परवानाधारक कारखान्यांत ते तगून राहिले, आणि उरलेले अंधारात गेले. आज मुंगेरचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा बेकायदा पिस्तुलांच्या बातमीत. ज्या गावाची बंदूक एकेकाळी विलायती मालाशी तोलली गेली, त्याच्या वाट्याला गुन्ह्याची ओळख आली. अशा गुन्ह्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण त्या ऱ्हासाचा उगम सांगताना ‘यंत्रयुग आले’ असे म्हणून हात झटकणेही प्रामाणिकपणाचे नाही.

१८/
म्हणूनच हे विधान नुसते चुकीचे नसून घातक आहे. ते मागे पाहताना सत्तेला निर्दोष सोडते आणि पुढे पाहताना कारागिराला आधीच मृत घोषित करते. वास्तविक धातूछपाईचे खरे बळ हजारो सारख्या वस्तू काढण्यात नाही. तेथे साचे आणि संगणकचलित यंत्रेच स्वस्त पडतात. तिचे बळ एकुलती एक, अवघड आकाराची वस्तू करण्यात आहे. आणि एकेक वस्तू स्वतंत्रपणे घडवणे हाच तर जुन्या कारागिराचा धर्म होता.

१९/
कल्पना करा: अठराव्या शतकातील बंदुकीच्या खटक्याचा एक तुकडा हरवला आहे. त्याचा आकार मोजून नवा तुकडा छापता येईल. पण मूळ कसा होता, तो कोणत्या कोनात फिरे, किती घासावा आणि कोठे थांबावे, हे सांगायला जाणता हातच हवा. तो तुकडा नवा आहे अशी खूण त्यावर करण्याची सचोटीही हवी. लिएजमध्ये शस्त्रविद्येची शाळा १८९७ पासून हे ज्ञान शिकवते. भारतात असा राजमार्ग नाही.

२०/
भारताला धातूछपाई परकी नाही. चेन्नईच्या ‘अग्निकुल’ने मे २०२४ मध्ये एकसंध छापलेल्या इंजिनावर प्रायोगिक रॉकेट उडवले. यंत्र आहे, अभियंते आहेत. धातूची नाडी ओळखणाऱ्या जुन्या घराण्यांना त्या यंत्राजवळ जागा आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

२१/
तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘छपाईने कारागीर संपवला’ असे लिहिले, तर त्याला तीनच गोष्टी विचाराव्यात. यंत्र कोणाच्या मालकीचे? गिऱ्हाईक कोणी हिरावले? कायद्याने कारागिराला जबाबदार मानले की गुन्हेगार? बर्मिंगहॅम, लिएज, आग्रा आणि मुंगेर यांचे भवितव्य या तीन उत्तरांनी ठरले. नव्या यंत्राचेही त्यांनीच ठरेल.