वाळवंटातले अभिजात

'अभिजात' हा शब्द आपण ग्रंथांच्या किंवा संगीताच्या संदर्भात वापरतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला तो दर्जा दिल्यापासून तर अधिकच. तो यंत्रालाही लावता येईल काय, हा प्रश्न 'डकार क्लासिक'मुळे पडतो. २०२१ साली सौदी अरेबियात मुख्य डकार रॅलीच्या जोडीने ही स्पर्धा सुरू झाली. २००० सालापूर्वीच्या बनावटीच्या गाड्यांसाठी ती आखलेली होती.

हीत सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही. ठरवून दिलेली सरासरी गती जो काटेकोर राखतो, तो जिंकतो. मागे पडल्यास दंड, पुढे गेल्यासही दंड. ही अट मला मार्मिक वाटते. जुन्या गाडीकडे नव्या गाडीचा वेग मागायचा नाही, आणि तिला संग्रहालयातही उभी करायची नाही. जुन्या ग्रंथांच्या अध्यापनात नेमके हेच साधत नाही: एक तर त्यांच्याकडे आजचे विचार मागितले जातात, नाहीतर त्यांना मखरात बसवले जाते.

परंतु अभिजाततेला स्मृतीही लागते. थिएरी साबीन १९७७ साली आबिजान-नीस रॅलीत वाळवंटात भरकटले. त्या अनुभवातून २६ डिसेंबर १९७८ रोजी पहिली पॅरिस-डकार रॅली निघाली. १९८१ साली रेंज रोव्हर, १९८३ साली मर्सिडीजची जी-वॅगन, १९८५ साली मित्सुबिशी पजेरो मोटारींत पहिली आली. हा गौरवाचा भाग झाला. ज्या आफ्रिकी खेड्यांतून ही धूळ उडाली, तिथली माणसे, मुलेसुद्धा, ह्या गाड्यांखाली सापडून मेली. १४ जानेवारी १९८६ रोजी मालीत हेलिकॉप्टर कोसळून स्वतः साबीन आणि अन्य चौघे गेले. सुरक्षिततेच्या कारणास्तव २००८ची रॅली रद्द झाली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात गेली. डकार केवळ नावात उरले.

म्हणजे गाड्या जपल्या गेल्या, भूमी मात्र गाळली गेली. संदर्भ कापून संहिता छापावी, तसाच हा प्रकार. इंजिन चालू ठेवणे हे जतनाचे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे म्हणजे ते इंजिन कोणाच्या अंगणातून धडधडत गेले, हे सांगणे. ते सांगितले जात नाही तोवर ह्या गाड्यांना जुन्या म्हणावे. अभिजात म्हणण्याची घाई करू नये.