कलावंताची मजुरी आणि माथाडी कायद्याचा धडा

कलेवर पोट भरते काय, हा प्रश्न आपल्या नोकरदार आणि शेतकरी घरांत फार जुना आहे. त्याची ठराविक उत्तरेही दोनच आहेत. मुलगा गातो, मुलगी नाटकात काम करते, एखादा उत्तम ढोलकी वाजवतो, असे दिसू लागले की घरातील वडीलधारे म्हणतात, 'आधी नोकरी पहा, मग छंद जोपासा.' मित्रमंडळी म्हणतात, 'येथे काय ठेवले आहे? मुंबई गाठ, नशीब उघडले तर उघडले.' पहिल्या उत्तरात कला ही फावल्या वेळेची करमणूक ठरते, दुसऱ्यात ती सोडतीचे तिकीट ठरते. कला हा एक व्यवसाय आहे, त्यात राबणाऱ्याला सुताराप्रमाणे वा शिक्षकाप्रमाणे आयुष्यभराची रीतसर उपजीविका मिळाली पाहिजे, हा तिसरा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. हिंगणघाटसारख्या कापसाच्या आणि गिरण्यांच्या गावात तरी तो करावयास हवा. कारण श्रमाची किंमत म्हणजे काय, हे या गावाला कोणी शिकवावे लागत नाही.

प्रथम या व्यवसायाची मूळ अडचण समजून घेतली पाहिजे. १९६६ साली विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा आपल्या गावच्या भाषेत सांगता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत येथे कापडगिरण्या आल्या. त्यानंतर यंत्रे सुधारत गेली आणि एका कामगाराच्या हातून निघणारे सूत कित्येक पटींनी वाढले. उत्पादन वाढले म्हणून मजुरी वाढविणे शक्य झाले. परंतु जे नाट्यपद गावयाला शंभर वर्षांपूर्वी दहा मिनिटे लागत, त्याला आजही दहाच मिनिटे लागतात. तबलजी तेव्हाही एक लागे, आजही एकच लागतो. गायकाची 'उत्पादकता' वाढत नाही. पण धान्य, भाडे, औषधे यांचे भाव आणि इतर धंद्यांतील पगार वाढत असल्यामुळे त्याचा चरितार्थ मात्र महाग होत जातो. म्हणून प्रयोगाचा खर्च उत्पन्नापुढे धावत राहतो. याचा अर्थ असा की कलावंताचे दारिद्र्य हे बहुधा त्याच्या आळसाचे वा व्यसनाचे फळ नसून या व्यवसायाच्या घडणीतच त्याचे कारण आहे. जे घडणीत आहे, त्यावर इलाजही घडणीतच करावा लागतो. सत्काराच्या शालीने तो होत नाही.

आपला इतिहास याची साक्ष देतो. बालगंधर्वांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. लोकप्रियतेत तिची बरोबरी करणारी संस्था त्या काळी विरळाच होती. तरीही कंपनी कर्जात बुडाली आणि रंगभूमीच्या या सम्राटाला १९३५ साली 'धर्मात्मा'साठी चित्रपटाच्या दिव्यांसमोर उभे राहावे लागले. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, संगीत दरबारातून काढून सामान्यांच्या घरात आणले. त्यांनाही कर्जापायी मुंबईची इमारत गमवावी लागली. पण एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. बालगंधर्वांची कंपनी गेली तेव्हा मागे आठवणी राहिल्या. पलुसकरांची इमारत गेली तरी अभ्यासक्रमांची आणि परीक्षांची परंपरा मागे राहिली, तिच्या जोरावर गावोगावचे संगीतशिक्षक आजवर घर चालवीत आले. तमाशाचे उदाहरण तर अधिक बोचणारे आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला; २००२ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा आर्थिक विवंचना त्यांच्या उशाशी होती. आज त्यांच्या नावाने शासन पुरस्कार देते. मेलेल्या कलावंताच्या नावे पुरस्कार देणे सोपे असते. जिवंत कलावंताच्या नावे भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडणे कठीण असते, असाच याचा अर्थ घ्यावयाचा काय?

या पार्श्वभूमीवर आपल्या विदर्भातच एक रंगभूमी अशी आहे की जिच्याकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानपट्ट्यातील झाडीपट्टी रंगभूमी ही ती होय. देसाईगंज म्हणजे वडसा ही तिची पेठ. दिवाळी आटोपली, धान निघाले की मंडईचे दिवस येतात आणि तेथपासून थेट होळीच्या सुमारापर्यंत खेड्याखेड्यांत रात्रभर नाटके चालतात. कंपन्यांची कार्यालये वडशात असतात. गावचे मंडळ तेथे जाऊन नाटक ठरविते, मंडप घालते, तिकिटे विकते. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, सोयरिकी जुळतात आणि या सगळ्याच्या मध्यभागी ऑर्गन-तबल्याच्या साथीने नाटक उभे राहते. २०२३ साली या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रातील अनेकांनी झाडीपट्टीचे नाव प्रथमच ऐकले असेल.

ही रंगभूमी मोठ्या अनुदानावाचून टिकली, याची कारणे आर्थिक आहेत. एक, तिची मागणी स्थानिक आहे; प्रेक्षक मुंबईहून आणावा लागत नाही. दोन, तिचा हंगाम पिकाच्या पैशाशी बांधलेला आहे. शेतकऱ्याच्या हाती नाणे खुळखुळते त्याच वेळी तिकीटविक्री होते. तीन, तोट्याची जोखीम एकट्या कंपनीवर पडत नाही. गावचे मंडळ तीत वाटेकरी असते. चार, ती एका ताऱ्यावर उभी नाही. नट, वादक, प्रॉम्प्टर, रंगभूषाकार, पडदेवाला, गाडीवान अशा अनेकांची चूल तीवर पेटते. आपल्या विद्यार्थ्याला 'मुंबईला जा' म्हणण्यापूर्वी हा धडा सांगावयास हवा की कलेची बाजारपेठ दूर शोधण्याआधी जवळ घडविता येते.

तथापि या चित्राची काळी बाजू झाकून चालणार नाही. होळीनंतर काम थांबते. मग कोणी शेतावर, कोणी दुकानात, कोणी मिळेल त्या मजुरीला. तमाशाच्या फडांतही हेच. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात, नारायणगावच्या राहुट्यांतून जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. पण हंगामाआधी घेतलेली उचल फेडता फेडता पुढची उचल घेण्याची वेळ येते. हे सगळे पुन्हा बाहेरच्या घटनांवर अवलंबून. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, तेव्हा शंकरपटाला जोडून होणाऱ्या नाटकांची जागाच गेली. शर्यतींना परवानगी मिळाली ती २०२१च्या डिसेंबरात. दरम्यान २०२० साली महामारीने सगळेच पडदे पाडले. गिरणी बंद पडली तर कामगाराला निदान देणी मागता येतात. रंगमंच बंद पडला तर कलावंताने देणी कोणाकडे मागावी? त्याचा मालक कोण, हेच मुळी कोणत्या कागदावर लिहिलेले नसते.

येथेच माथाडी कायद्याची आठवण होते. आपल्या बाजार समितीत हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा हमालाची स्थिती पाहावी. आज एका अडत्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. काम हंगामी, मालक अनेक, अंगमेहनत अफाट. एके काळी सगळे हेच म्हणत की अशा माणसाला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा देणे शक्यच नाही, कारण त्याला नोकरीवर ठेवणारा एक मालक नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव अशा नेत्यांनी हमालांच्या संघटना उभ्या केल्या, आणि १९६९ साली महाराष्ट्र विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्यातील युक्ती साधी आणि विलक्षण आहे. कामगार मंडळाकडे नोंदला जातो, काम देणाराही नोंदला जातो. मजुरी मंडळामार्फत दिली जाते आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही काम देणाऱ्याकडून घेतली जाते. मालक शंभर असले तरी खाते एक. त्या एका खात्यात निधी साठतो, रजा साठते, औषधपाण्याची सोय होते.

कलावंत आणि हमाल यांत आर्थिक दृष्ट्या फरक तो कोणता? दोघांचे काम हंगामी, दोघांचे मालक अनेक, दोघांचे शरीर हेच भांडवल, आणि दोघांचेही शरीर एक दिवस थकते. मग कलावंतांसाठी असे मंडळ का असू नये? जिल्ह्यातील नट, वादक, गायक, शाहीर, कीर्तनकार, बँडवाले, ध्वनी आणि प्रकाशाची कामे करणारे तंत्रज्ञ यांची नोंद व्हावी. नाट्यसंस्था, उत्सव मंडळे, सभागृहे, नगरपालिका आणि स्वतः शासकीय खाती यांनी दिलेले मानधन या मंडळामार्फत द्यावे आणि त्यावर लेव्ही भरावी. समजा, एखाद्या वादकाने हंगामात शंभर रात्री काम केले आणि रात्रीला हजार रुपये घेतले. लाखावर वीस टक्के लेव्ही धरली तर वीस हजार रुपये वर्षाला त्याच्या नावे जमा होतील. तीस वर्षांत मुद्दलच सहा लाख, व्याज वेगळे. आकडे केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत. पण दानाच्या आणि हक्काच्या पैशांतील अंतर त्यांवरून कळावे. शासनाने २०२४ साली वृद्ध कलावंतांचे मासिक मानधन सरसकट पाच हजार रुपये केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु ते म्हातारपणी अर्ज करून, दाखले गोळा करून आणि समितीने निवड केल्यावर मिळावयाचे. हक्काच्या खात्याला समितीची कृपा लागत नाही.

यावर आक्षेप घेतले जातील. लेव्हीमुळे नाटक महाग होईल आणि गावची मंडळे पाठ फिरवतील, हा पहिला. तो खोटा नाही. म्हणून लहान गावांच्या प्रयोगांवरील लेव्हीचा वाटा काही वर्षे शासनाने उचलावा. बाउमोलने दाखविलेली तूट कोणीतरी भरावीच लागते, ती आज कलावंत आपल्या उपासमारीने भरतो आहे. शासनाचा शिरकाव झाला की कलेवर ताबा येईल, हा दुसरा आक्षेप. परंतु मंडळाने नाटक कोणते करावे हे ठरवावयाचे नसून मजुरी पोचली की नाही एवढेच पाहावयाचे आहे. माथाडी मंडळांतही नोंदणी अपुरी राहिली, कायद्याच्या नावावर खंडणीखोरी झाली, हा तिसरा आक्षेप. हेही खरे. पण गळका बंधारा दुरुस्त करावयाचा असतो, नदी तशीच वाहू द्यावयाची नसते. फ्रान्समध्ये रंगकर्मी व चित्रपट तंत्रज्ञांसाठी खंडित रोजगाराची विशेष विमापद्धती आहे. तिची सुरुवात १९३६ साली झाली. बारा महिन्यांत ५०७ तासांचे काम नोंदलेले असले की मधल्या रिकाम्या काळात भत्ता मिळतो. त्या देशाची श्रीमंती आपल्याकडे नाही. मात्र कलावंताचा रिकामा काळ हा त्याच्या कामाचाच भाग असतो, हे तत्त्व समजावयास श्रीमंती लागत नाही.

कायदा होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसावे असेही नाही. कलेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवसापासून वही ठेवावी: किती रात्री काम केले, काय ठरले, काय मिळाले. तोंडी शब्दाऐवजी अर्ध्या पानाचा का होईना, करार लिहून घ्यावा. एका कलेला जोडून दुसरे कौशल्य शिकावे. अभिनयाबरोबर प्रकाशयोजना, गायनाबरोबर अध्यापन. उत्पन्नाचे झरे दोन-तीन असले की एक आटला तरी माणूस तरतो, हे कोरडवाहू शेतकऱ्याला ठाऊक असलेले शहाणपण आहे. शिक्षक बंधु-भगिनींनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शंभरांहून अधिक पट असलेल्या उच्च प्राथमिक वर्गांसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. ती मनापासून अमलात आली तर तालुक्यातालुक्यांत कलावंताला बारमाही उत्पन्नाचा एक आधार मिळेल आणि उद्याचा प्रेक्षकही तेथेच घडेल. शाळेत ज्याने कधी सूर ऐकला नाही, तो मोठेपणी तिकीट कशासाठी काढील?

राहिला प्रश्न आपला, म्हणजे प्रेक्षकांचा. लग्नात मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे बिल आपण निमूटपणे चुकते करतो. गाणाऱ्या मुलीला मात्र 'आपलीच आहे' म्हणून नारळावर बोळवतो. गणेशोत्सवात रोषणाईला वर्गणी पुरते, वादकांच्या बिदागीला पुरत नाही. कला ही साधना आहे, ती पैशात मोजू नये, असे म्हणणारे बहुधा ते असतात ज्यांना पैसे द्यावयाचे असतात. साधना खरीच असते; पण साधकालाही घरभाडे असते, मुलांची फी असते, आणि गळा कायमचा साथ देत नाही. कापूस पिकविणाऱ्याला भाव मिळावा म्हणून या गावाने आवाज उठविला आहे, तो वाहणाऱ्या हमालाला कायद्याचा आधार मिळालेला पाहिला आहे. त्याच न्यायाने सूर पिकविणाऱ्याच्या श्रमालाही भाव मागावयास हवा. येत्या उत्सवात आपल्या मंडळाच्या जमाखर्चात कलावंतांच्या मानधनाची रक्कम पहिल्या ओळीवर लिहिली जाते की शेवटच्या, एवढे जरी प्रत्येक वाचकाने तपासले, तरी कामाला आरंभ झाला असे म्हणता येईल.